टोस्टमध्ये सापडलेली तार कोणाच्या हाती द्यावी?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिले आहे ते थोडक्यात असे. नाशिकमधील एका किराणा दुकानातून त्यांनी टोस्टचे बंद पाकीट आणले. सकाळी चहाबरोबर खाताना त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाच्या ओठाला काहीतरी टोचले आणि थोडे रक्त आले. पाहिले तर टोस्टच्या आत साधारण दीड सेंटिमीटर लांबीची तार रुतलेली होती. दुकानदाराने दुसरे पाकीट देऊ केले. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केल्यावर, ‘आमचा माणूस येऊन पाकीट घेऊन जाईल, मग तपासणी करून कळवू’, असे उत्तर मिळाले. पाकीट द्यावे का, तक्रार नेमकी कोठे करावी आणि भरपाई मिळते का, असे ताईंचे तीन प्रश्न आहेत.

माझी बाजू आधी सांगतो. मी २६ वर्षे बेकरी आणि फरसाण उद्योगात गुणवत्ता विभागात काम केले, म्हणजे अशा तक्रारी करणाऱ्यांच्या नव्हे, तर त्या ज्यांच्याकडे येतात त्यांच्या बाजूने. मी वकील नाही. कायद्याविषयी जे लिहिले आहे ते कामाच्या निमित्ताने जितके हाताळावे लागले तितके आहे, आणि प्रकरण मोठ्या इजेचे असेल तर वकिलाचा सल्ला घेतलेलाच बरा.

प्रश्न तीन दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: ही तार टोस्टमध्ये केव्हा आणि कोठे शिरली, हे उद्या तिसऱ्या माणसाला पटवून देता येईल का? कंपनी, अन्न व औषध प्रशासन आणि ग्राहक आयोग हे तिघेही शेवटी हेच विचारतात. तुमचा राग रास्त आहे, परंतु या प्रश्नाचे उत्तर रागात नसून त्या टोस्टमध्ये आहे, आणि तो टोस्ट आज तुमच्या घरात आहे.

त्याआधी मुलाकडे पाहू. तारेची दोन्ही टोके तपासा. एखादे टोक नुकतेच तुटल्यासारखे चकचकीत दिसत असेल आणि तुकडा मुलाच्या पोटात गेल्याची जराही शंका असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नका. धातू क्ष-किरण चित्रात दिसतो आणि काचही बहुतेक वेळा दिसते, परंतु प्लॅस्टिक किंवा लाकूड सहसा दिसत नाही, म्हणून काय गिळले असावे हे डॉक्टरांना नीट सांगावे लागते. बोटे घालून उलटी काढणे किंवा ‘खाली सरकेल’ म्हणून केळी आणि भात भरवणे, हे घरगुती उपाय डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नयेत. फक्त ओठ कापला असेल तरीही एकदा डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या लशीविषयी विचारा आणि केसपेपरवर ‘टोस्ट खाताना त्यातील तार लागून जखम’ असे कारण तारखेसह लिहून घ्या. चार दिवसांनी जखम भरून येते. मग ती झाली होती हे सांगणारा तो एकच कागद उरतो.

आता टोस्टकडे वळू. तार ओढून बाहेर काढू नका. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींत वस्तू काढून, धुऊन, पुसून, कागदाच्या पुडीत बांधून पाठवलेली असे, आणि त्या क्षणी तिची बरीचशी साक्ष संपलेली असे. याचे कारण समजण्यासाठी टोस्ट कसा तयार होतो ते पाहावे लागेल.

टोस्ट दोनदा भाजला जातो. मैदा चाळून, मळून, फुगवून आधी पावाची लादी भट्टीत भाजली जाते; ती गार झाल्यावर तिचे काप केले जातात; आणि ते काप ट्रेवर पसरून पुन्हा शेकले जातात. तार जर मळताना पिठात असेल, तर पाव तिच्याभोवती फुगतो आणि भाजतो. तिच्या चारही बाजूंना पावाचा गर घट्ट बसलेला असतो आणि ती काढल्यास तिच्या आकाराची पन्हळ मागे राहते. लादीत आडवी पडलेली तार असेल तर काप करणारे पाते तिच्यावरून गेलेले असते, त्यामुळे तिच्यावर ताजा छेद किंवा चरा दिसतो, आणि पुष्कळदा तिचा उरलेला तुकडा त्याच पाकिटातील शेजारच्या कापात असतो. (म्हणून उरलेले टोस्ट खाऊ नका आणि कोणाला खायला देऊही नका.) तार जर काप केल्यानंतर, म्हणजे ट्रेवर किंवा पाकीट भरताना आली असेल, तर ती कापलेल्या पृष्ठभागावर टेकलेली किंवा अर्धवट चिकटलेली असते. आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात आली असेल, तर ती नुसती बशीत किंवा चहाच्या कपात सापडते. ताईंच्या वर्णनाप्रमाणे तार गरात रुतलेली आहे, म्हणजे पहिल्या भाजणीच्या आधीपासून ती तेथे असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. परंतु हे वाक्य तार जागेवर असेपर्यंतच म्हणता येते. ती उपटून हातात घेतली की उरते फक्त एक तार, आणि तार कोठूनही येऊ शकते.

तारेचा आकारही बोलतो. लांबवर सरळ, गोल आणि ताठ तुकडा बहुधा ट्रे किंवा भट्टीचा पट्टा घासण्याच्या तारेच्या ब्रशचा असतो. नागमोडी, ठरावीक अंतरावर दाब पडलेली बारीक तार चाळणीच्या जाळीची असते, कारण जाळी विणताना प्रत्येक तार एकाआड एक वाकवलेली असते. चपटी आणि दोन्ही टोकांना काटकोनात वळलेली असेल तर ती स्टेपलरची पिन, जी कच्च्या मालाच्या गोणीवरील चिठ्ठीपासून दुकानातील पुड्यापर्यंत कोठूनही येते. आणि चपटी, रिबिनीसारखी, गुंडाळी झालेली चकचकीत पट्टी असेल, तर कृपया आधी आपल्या सिंकजवळची तारेची घासणी पाहावी. हे मी चिडवण्यासाठी लिहीत नाही. माझ्या वहीत ‘धातू’ या सदराखाली नोंदलेल्या तक्रारींत घासणीचा क्रमांक फार वरचा होता. अशीच गोष्ट ‘दाताखाली खडा आला’ या तक्रारीची. दोन वेळा तो खडा तक्रारदाराच्याच दाढेतून निघालेले सिमेंट होते, आणि एकदा तर संपूर्ण कॅप.

कारखान्यात धातुशोधक यंत्र असते, मग तार सुटली कशी, असे ताईंनी विचारलेले नाही. पण कंपनीचा माणूस हाच मुद्दा पुढे करील, म्हणून सांगतो. ‘आमच्याकडे प्रत्येक पाकीट डिटेक्टरखालून जाते, त्यामुळे हे शक्यच नाही’, हे उत्तर मीही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत दिलेले आहे. ते अर्धसत्य आहे. या यंत्रांची चाचणी दीड, दोन किंवा अडीच मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या गोळीने घेतात. गोळी कोणत्याही बाजूने सारखीच दिसते, परंतु केसासारखी बारीक तार यंत्रातून कोणत्या दिशेने सरकते यावर ती पकडली जाणे किंवा सुटणे अवलंबून असते. लहान बेकऱ्यांत तर हे यंत्रच नसते. म्हणून यंत्र असल्याने तार येण्याची शक्यता कमी होते, नाहीशी होत नाही.

आता पहिला प्रश्न, पाकीट कंपनीला द्यावे का. तारेसह टोस्ट देऊ नका. यामागे कंपनी लबाड असते असा माझा समज नाही. तपासणीसाठी वस्तू पाहणे खरोखरच आवश्यक असते. एका प्रकरणात मी ग्राहकाने जपलेली तार घेऊन संपूर्ण कारखाना फिरलो होतो आणि ती रात्रपाळीत भट्टीचा पट्टा घासणाऱ्या ब्रशशी जाडीला व रंगाला तंतोतंत जुळली. त्यानंतर आमच्याकडे तारेचे ब्रश बंद झाले आणि निळ्या नायलॉनचे आले. (निळ्याच का, तर आपल्या खाण्यात निळा पदार्थ जवळजवळ नसतो, म्हणून तुटलेला निळा धागा चटकन डोळ्यांत भरतो, कारखान्यातील जखमेची पट्टीही याच कारणाने निळी असते.) परंतु त्याच नोकरीत मी याच्या उलटही केले आहे. भेटवस्तूंची पिशवी देऊन ग्राहकाकडून वस्तू घेऊन आलो, त्यांना पोच दिली नाही, ती वस्तू प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहिली आणि सहा महिन्यांनी आवराआवरीत फेकली गेली. त्या ग्राहकाला पुढे काही करावेसे वाटले असते तर त्याच्या हातात माझ्या पिशवीखेरीज काहीच उरले नव्हते.

त्यामुळे मध्यम मार्ग असा. कंपनीच्या माणसाला घरी येऊ द्या. त्याला तारेसह टोस्ट तुमच्या समोर पाहू द्या, छायाचित्रे काढू द्या, तारेची जाडी मोजू द्या, लोहचुंबक लावून पाहू द्या. कारण शोधण्यासाठी एवढे पुष्कळ असते. त्याने नमुना मागितला, तर त्याच पाकिटातील दोन अखंड काप द्या आणि त्यांची लेखी पोच घ्या, ज्यात त्याचे नाव, हुद्दा, तारीख, बॅच क्रमांक आणि ‘तार असलेला टोस्ट ग्राहकाकडेच ठेवला आहे’ हे वाक्य असेल. चांगल्या कंपनीचा माणूस अशी पोच देताना कुरकुर करीत नाही. त्याने दुसऱ्याच कागदावर सही मागितली, तर तो आधी संपूर्ण वाचा. ‘तक्रारीचे समाधान झाले’ अशी ओळ त्या कागदात बहुधा दडलेली असते. एक मात्र नक्की मागा: कंपनीने त्याच बॅचचा राखून ठेवलेला नमुना तपासला का आणि तार कशाची निघाली, याचे लेखी उत्तर. बहुतेक व्यवस्थित कारखाने प्रत्येक बॅचची काही पाकिटे मुदत संपेपर्यंत राखून ठेवतात.

पुरावा जपल्याने काय होते, याचे आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. जून २०२४ मध्ये मुंबईत मालाडला एका तरुण डॉक्टरला ऑनलाइन मागवलेल्या आइस्क्रीमच्या कोनमध्ये माणसाच्या बोटाचा तुकडा आढळला. त्याने तो फेकला नाही. बर्फात ठेवून पोलीस ठाण्यात नेला. तपास इंदापूरच्या कारखान्यापर्यंत पोहोचला आणि तेथील ज्या कामगाराचे बोट कामावर असताना कापले गेले होते, त्याच्याशी तुकड्याचा डीएनए जुळला. किळस वाटून ते बोट कचऱ्याच्या डब्यात गेले असते, तर एवढ्या विचित्र तक्रारीवर कोणी विश्वास ठेवला असता असे मला वाटत नाही.

छायाचित्रे आजच काढा. तार जागेवर असताना तिच्या शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून, उजेडात, दोन-तीन बाजूंनी. मग पाकिटाची: बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक सेवेचा पत्ता आणि एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक. हा क्रमांक वाचता येणे उपयोगी आहे: १ ने सुरू होणारा क्रमांक परवान्याचा आणि २ ने सुरू होणारा लहान व्यावसायिकाच्या नोंदणीचा असतो, पुढचे दोन अंक राज्याचे, आणि महाराष्ट्राचे ते १५ आहेत. ११५ ने सुरू होणारा परवाना राज्याने दिलेला, तर १०० ने सुरू होणारा केंद्राने दिलेला असतो. बॅच क्रमांकावरून कारखान्याला दिवस कळतो आणि पुष्कळदा पाळी व यंत्रही कळते. म्हणूनच नुसता टोस्ट ठेवून पाकीट फेकणाऱ्यांची तक्रार पहिल्याच फोनवर अडते. बिल असेल तर ठेवा. किराणा दुकानात ते मिळाले नसेल, तर यूपीआयने पैसे दिल्याची नोंद चालते. तीही नसेल तर दुकानदाराकडून आज बिल मागून घ्या, जो बदली पाकीट द्यायला तयार आहे तो सहसा बिलही देतो.

दुकानदाराविषयी एवढेच म्हणेन की, बंद पाकिटाच्या आत रुतलेल्या तारेसाठी तो सहसा दोषी नसतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ विक्रेत्याला जबाबदार धरतो तो मुदत संपलेला माल विकला, माल अस्वच्छ जागी ठेवला, किंवा उत्पादक कोण हेच सांगता आले नाही, अशा कारणांसाठी. तेव्हा त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याच बॅचची उरलेली पाकिटे बाजूला काढायला सांगा आणि एका पाकिटाचे छायाचित्र घ्या. मात्र हाच टोस्ट जर काचेच्या बरणीतून सुटा विकला असता, तर चित्र उलटे झाले असते. तेव्हा विकणाऱ्यालाच पहिले उत्तर द्यावे लागले असते.

दुसरा प्रश्न तक्रारीचा. येथे लोकांचा एक नेहमीचा गोंधळ होतो, आणि तो दूर केला की पुढचे सोपे होते. अन्न व औषध प्रशासन दोषीला दंड करते. तो दंड शासनाकडे जातो, तुमच्याकडे नाही. तुम्हाला भरपाई द्यायला लावण्याचा नेहमीचा मार्ग ग्राहक आयोगाचा. दोन्ही दारे वेगळी आहेत, आणि दोन्ही ठोठावता येतात.

प्रशासनाकडे तक्रार जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) यांच्या कार्यालयात लेखी देता येते, १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते, किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सुविधेतून ऑनलाइन करता येते. मी लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घेण्याच्या मताचा आहे. त्यानंतर काय होते याविषयी अपेक्षा वास्तवाला धरून असाव्यात. अन्न सुरक्षा अधिकारी तुमचे फोडलेले पाकीट बहुधा कायदेशीर नमुना म्हणून घेणार नाही, कारण कायद्यातील नमुना अधिकाऱ्याने स्वतः, साक्षीदारासमोर, चार भाग करून सीलबंद करायचा असतो. तुमचा टोस्ट त्याच्यासाठी सुगावा असतो. त्यावरून तो बाजारातून त्या मालाचे नमुने घेऊ शकतो, कारखान्याची तपासणी करू शकतो, सुधारणा नोटीस देऊ शकतो. म्हणून तक्रार लवकर करा. बॅच बाजारातून संपली की त्याच्या हातीही फारसे लागत नाही. आणि अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत साधारणपणे एकच वर्ष आहे.

यातील एक कायदेशीर बारकावा सांगण्यासारखा आहे. ‘बाह्य पदार्थ’ असलेल्या अन्नासाठी कलम ५४ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि कंपनी आपले प्रकरण तेवढ्यात बसवण्याचा प्रयत्न करील. परंतु त्याच कायद्यातील व्याख्येप्रमाणे बाह्य पदार्थ म्हणजे ज्याने अन्न असुरक्षित होत नाही असा पदार्थ, उदाहरणार्थ गोणीचा धागा. मुलाचा ओठ फाडणारी तार या व्याख्येत बसते का, हा प्रश्न तक्रारीत स्पष्ट विचारावा. असुरक्षित अन्नासाठीच्या तरतुदी याहून कडक आहेत, आणि इजा झाल्यास उत्पादक किंवा विक्रेत्याने ग्राहकाला भरपाई देण्याची वेगळी तरतूद कलम ६५ मध्ये आहे. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचा एक निकष आम्ही प्रशिक्षणात वापरत असू: ७ ते २५ मिलिमीटर लांबीची कठीण किंवा टोकदार वस्तू धोकादायक धरावी, आणि खाणारा लहान मूल असेल तर त्याहून लहान वस्तूही. तो येथे कायदा नव्हे, परंतु दीड सेंटिमीटरची तार त्यात नेमकी बसते.

तक्रारीची भाषा कोरडी ठेवा. माझ्या मते एवढे पुरेसे आहे: ‘अमुक तारखेला अमुक दुकानातून खरेदी केलेल्या, अमुक बॅचच्या सीलबंद पाकिटातील टोस्टच्या आत सुमारे दीड सेंटिमीटर लांबीची धातूची तार रुतलेली आढळली. ती माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या ओठाला लागून जखम झाली. टोस्ट, तार व पाकीट माझ्याकडे जपून ठेवले असून तपासणीसाठी दाखवण्यास मी तयार आहे. छायाचित्रे, बिल व केसपेपरच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’ यात ‘विषारी’, ‘जीवघेणे’, ‘लुटारू’ असे शब्द नाहीत, ते मुद्दाम. हाच मजकूर कंपनीला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा व उत्तरासाठी पंधरा दिवस द्या.

समाजमाध्यमावर टाकावे का, असे कोणीतरी विचारीलच. घडले तेवढेच, पुराव्यासह लिहिण्यात मला गैर दिसत नाही. परंतु ‘इतके पैसे द्या, नाहीतर व्हायरल करतो’ हे वाक्य बोलू नका आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच लिहू नका. खरी तक्रार असलेल्या माणसांनी या एका वाक्याने स्वतःवरच खंडणीच्या आरोपाची वेळ आणलेली मी पाहिली आहे.

तिसरा प्रश्न भरपाईचा. कंपनीने उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा; ती निवाडा देत नाही, पण कंपनीशी बोलणी घडवते आणि पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. त्यानेही झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनी परराज्यातील असली तरी. आयोगाची अधिकारकक्षा वस्तूसाठी दिलेल्या किमतीवरून ठरते, आणि ती पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर दाखल शुल्क नाही. टोस्टच्या पाकिटाला हा प्रश्न येतच नाही. वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये, दोष प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग तक्रारदाराकडून नमुना घेऊन, सील करून, योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो अशी तरतूद आहे. तारेसह टोस्ट तुमच्याकडे ठेवा असे मी जे वर म्हटले, त्याचे हे दुसरे कारण. आणि याच कारणाने, तो आत्ताच स्वतःच्या खर्चाने खासगी प्रयोगशाळेत देण्याची घाई करू नये असेही मला वाटते. तेथे तार बाहेर काढली जाईल आणि नंतर ‘नमुन्यात आधीच फेरफार झाला होता’ असे म्हणायला जागा मिळेल.

रक्कम किती मिळेल, हे मी सांगू शकत नाही. ते इजा, उपचाराचा खर्च, पुराव्याची पक्की साखळी आणि कंपनीचे वागणे यांवर अवलंबून असते. ओठाच्या किरकोळ जखमेसाठी लाखांची अपेक्षा ठेवून आयोगाच्या तारखा मोजणे मला शहाणपणाचे वाटत नाही. उपचाराचा खर्च, योग्य रक्कम आणि कारणाचे लेखी स्पष्टीकरण एवढे कंपनी देत असेल, तर मी ते घेईन. दात तुटला असता किंवा पोटात तार गेली असती, तर हाच सल्ला मी दिला नसता.

हे सगळे तारेविषयी झाले. किड्यांचे गणित निराळे असते, आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकांचा प्रश्न तोच असेल. रव्यात अळ्या आणि जाळी, तांदळात टोके, हे पाकीट बंद असतानाही दुकानात किंवा घरात होऊ शकते. टोके दाण्याच्या आत अंडी घालतात आणि बाहेर पडेपर्यंत दाणा अखंड दिसतो; काही पतंगांच्या अळ्या प्लॅस्टिकचे पाकीट कुरतडून आत शिरतात. म्हणून अशा वेळी पाकिटाला भोक आहे का, आणि त्याच्या कडा आत वळल्या आहेत की बाहेर, हे पाहून मगच तक्रार लिहावी. भाजलेल्या पदार्थात अखंड किडा सापडला, तर प्रयोगशाळा त्याच्या शरीरातील एका विकरावरून (एन्झाइमवरून) सांगू शकते की तो भट्टीची उष्णता सोसून आला की नंतर आला. उष्णतेने हे विकर निकामी होते. पण किडा जितका जुना, तितका हा निष्कर्ष डळमळीत, त्यामुळे तो कोरड्या डबीत घालून लगेच फ्रीजरमध्ये ठेवावा. दोष कोणाचा हे नेहमी सरळ नसते, हे २००३ साली मुंबईत चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. कंपनी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवत होती आणि आपले अन्न व औषध प्रशासन वेष्टनाकडे. शेवटी २००४ मध्ये कंपनीने वेष्टनच बदलले. ज्यूसच्या खोक्यातून निघणारा लिबलिबीत गोळा मात्र बहुतेक वेळा मेलेला प्राणी नसून बुरशी असते. खोक्याला सुईएवढे भोक पडले की ती आत वाढते. तक्रार तेव्हाही करावी, फक्त ‘उंदीर’ असे लिहू नये.

ताई, तुमच्यासाठी आता शेवटचे काम. तार असलेला टोस्ट, उरलेले काप आणि रिकामे पाकीट एका कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रीजची गरज नाही. ओलाव्याने तार गंजते. डबा मुंग्या येणार नाहीत अशा जागी, शक्यतो स्वयंपाकघराबाहेर ठेवा, आणि त्यावर तारीख लिहून ‘फेकू नये’ अशी मोठी चिठ्ठी चिकटवा. मी पाहिलेल्या प्रकरणांत पुरावा कंपनीने गहाळ केल्यापेक्षा घरातल्याच कोणीतरी, ‘हे शिळे टोस्ट कशाला ठेवलेत’ म्हणून कचऱ्यात टाकल्याची उदाहरणे अधिक आहेत.